एकतिसावी फेरी

आयकिलेहून बसच्या टपावरून आला बर्फाचा डबा.
आत चार थेंब. नाव अजून ठेवलेलं नाही,
चिठ्ठीवर नुसतं : बासिलियाचा मुलगा, दिवस नववा.

बासिलियाच्या माहेरी मातीच्या भिंतींना भेगा,
भेगांत विंचुका किडे. रात्री उतरायचे,
झोपलेल्या पोरीच्या पापणीपाशी पोट भरायचे,
जाताना घाण टाकून जायचे.
खाजवलं तिनंच. एवढंच.
पुढची वीस वर्षं कुणी काही बोललं नाही,
तिचं हृदयसुद्धा.

जुनी तपासणी पोराला दोषी ठरवते,
पण ती साक्ष आईची,
नाळेतून आलेली, उसनी.
उसन्या साक्षीवर दोन महिने औषध कसं पाजायचं?

म्हणून मी थेट त्या परजीवीलाच हुडकते.
कडीत कडी अडकवून बसलेला त्याचा गोतावळा,
त्यातली एक कडी माझ्या ओळखीची.
पंच्याण्णवला उकल, साठला जुळव,
एकाचे दोन, दोनाचे चार.
आमच्या खोऱ्यात मक्याचा हिशेबही असाच वाढतो.

दोनदा वीज गेली. जनरेटर खोकला.
तीस फेऱ्या रेघ आडवी पडून होती,
एकतिसाव्या फेरीला तिनं मान वर केली.

फोनवर बासिलिया गप्प. मग केचुआत :
“माझं, की त्याचं?”
त्याचं. त्याचं स्वतःचं.
आणि तिला रडू फुटायच्या आत घाईनं :
एवढ्याशा अंगातून हा बहुतेक निघतोच, बाई.
तुझ्यातून निघेल का, ते मला सांगता येत नाही.

औषधाच्या कागदावर नाव लागतं, मी म्हणते.
पलीकडे कोंबडा, वारा, बाळाचं रडणं.
“लिही, एमेतेरियो.
पाच अक्षरं आहेत. एकही चुकवू नकोस.”