आठवा स्क्रू

अदलियातल्या क्लबात गुरुवारी रात्री
जुने विलायती सिनेमे लावतात.
आम्हाला बोलावलं ते छत गळतं म्हणून.
सिनेमा चालूच. शिडीवर मी,
खाली शिडी धरून तुफैल, म्हसळ्याचा,
एकोणीस वर्षांचा. पासपोर्टावर तेवीस.

पडद्यावर एकाला एक चिकटलेली विटांची घरं,
लेथवर एक पोरगा.
हात धुतो तेव्हा साबण काळा होतो,
एवढं भाषेवाचून कळलं.
इंग्रजी आमच्या फोरमनसारखं,
अर्धं घशातच राहणारं.
खाली अरबी अक्षरं पळत होती.
तुफैल ती मदरशाच्या सवयीने
भराभर पुटपुटत होता,
अर्थ एकाचाही ठाऊक नसताना.

मग तो पोरगा मालकाच्या घरी गेला,
मागच्या दाराने, कसलंसं पाकीट द्यायला.
घरात कोणी नाही.
जिना चढला. पांढरंशुभ्र न्हाणीघर.
नळ सोडला
आणि बुटांसकट टबात आडवा झाला.
टोपीसुद्धा काढली नाही.

खुर्च्यांतून टाळ्या.
मोत्यांचे डूल घातलेली बाई म्हणाली, ब्रेव्ह बॉय.
तेवढं इंग्रजी येतं मला.
मॅनेजरने बोटानेच सांगितलं:
आवरा. आणि जाताना मागचा जिना,
गालिचा नको.

तुफैलने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.
म्हणाला, उतर चाचा, जाळी मी लावतो.

सल्माबादला परतताना पिकअपच्या हौद्यात
मी विचारलं, त्या पोराचं पुढे काय झालं असेल रे?
मार खाल्ला असेल, तो म्हणाला.
पण टबाला काळी रेघ राहिली असेल ना?

पुढच्या शुक्रवारी तक्रार आली:
ऐन शांत प्रसंगात छत खडखडतं.

शिडी लावली. सात स्क्रू.
आठव्या भोकात बोट घातलं,
गार वारा लागला.
माझं वय त्रेपन्न. व्हिसा मार्चपर्यंत.
मुलीचं डी. फार्मचं दुसरं वर्ष.
तुफैल खाली, शिडी घट्ट धरून,
मान वर न करता.
खोलीवर त्याच्या उशाशी
खोबरेल तेलाच्या झाकणात
काय पडलेलं असतं, मी रोज बघतो.

डब्यात बराच वेळ शोधल्यासारखं केलं.
या मापाचा इथे मिळत नाही, साहेब.
मग कधी मिळेल?
सांगता येत नाही, म्हटलं.
विलायतेहून यायचाय.