डाव्या अंगाला

मे महिना, दुपारचा दीड. पंचेचाळीसच्या वर गेलंय.
मानेवाड्यातल्या या खोलीत कूलर बंद.
जयमाला दारात: "काऊन हो, जीव द्यायचा आहे का गर्मीनं?"
ओल नको, म्हणतो. वाळ्यातून ओल येते,
ओल आली की पडद्यावरचा भार गळून जातो,
पाचशे ऐंशी व्होल्ट, माठ पाझरावा तसे.
पंखाही नको. धूळ.

हेडफोन उघडे पडलेत जुन्या धोतराच्या फडक्यावर.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा
दोन जाळ्यांच्या मधे ताणलेला, कशालाच न टेकता.
डावीकडचा मी तिसऱ्यांदा बदलतोय.

ताण द्यायला सायकलची ट्यूब.
गोल फळीवर ट्यूब, ट्यूबवर फिल्म, कडेनं चिकटपट्टी,
मग पंपाचे दांडे मोजायचे. अकरा.
बाराव्याला गेल्या खेपेस फाटली.
भुसारी सायकलवाल्यानं विचारलं होतं, टायर कुठं आहे?
म्हटलं, टायर नाही, गाणं आहे.
त्यानं ट्यूबचे पैसे पूर्ण घेतले.

ग्राफाइटची पूड कापसानं घासली, पुसली, पुन्हा घासली.
इतवारीतल्या पेटीवाल्याकडून नमदा आणला,
कपाच्या पाठीला गोल कापून बसवला,
मागे गेलेला आवाज तिथंच मुरावा म्हणून.
फोमच्या गाद्या टाकल्या, बकरीच्या कातड्याच्या शिवून घेतल्या,
चांभारानं एक जरा मोठीच केली.

सगळं एका कॅसेटसाठी.
महालातली बैठक, अठ्ठ्याऐंशी साल.
मास्तरीणबाई गातायत,
त्यांच्यामागे डाव्या अंगाला तंबोऱ्यावर जयमाला,
आणि तिची बांगडी
मधूनच भोपळ्याला लागते.
किण्.

ती पूर्वी यायची. आता येत नाही.
दोष डाव्या कपाचा, दुसऱ्या कशाचा असणार?

कोराडीला एकतीस वर्षं काढली.
टर्बाइन माझ्या डाव्या हाताला.

तिसरा पडदा बसला. स्क्रू आवळले.
भार चढेपर्यंत दहा मिनिटं थांबलो,
हनुवटीवरचा घाम मांडीवर.
मास्तरीणबाईंचा श्वास आला,
सतरंजीवर कुणीतरी बूड सरकवलं, तेही आलं.
किण् नाही.

रागानं काढले. तांब्याभर पाणी प्यालो.
परत घातले, घाईत, उलटे.

किण्.
उजवीकडे. नखानं वाटी वाजवावी तशी.

चार वेळा उलटसुलट केले.
किण् कपाबरोबर जात होती.
कान जागच्या जागी होते.

तीन पडदे. एकाचाही काही गुन्हा नव्हता.

मग डागणी तापवली.
डाव्याच्या तारा उजव्याला, उजव्याच्या डाव्याला,
मान वाकवून, श्वास धरून. पंधरा मिनिटांचं काम.
कपांवरची अक्षरं तशीच राहू दिली.

तिला बोलावलं. तिनं पदरानं कानशिलं पुसली,
घातले. बराच वेळ बोलली नाही.
मग डावा हात उचलून दाखवला:
"मी तर इकडं बसली होती. खिडकीपाशी."
माहीत आहे, म्हटलं.
"मग तिकडून काऊन ऐकू येऊन राहिली?"
तुला सरकवली जरा, म्हटलं.
तिकडून बरी ऐकू येतेस.

तिनं हेडफोन काढून फडक्यावर ठेवले.
माझ्याकडे पाहत राहिली, कानाकडे,
आणि त्या बाजूनं हळूच काहीतरी म्हणाली असावी,
ओठ हलले एवढं दिसलं.
मी, अं? म्हटलं.

ती उठली. स्टुलाला वळसा घालून
माझ्या उजवीकडे आली.
"कूलर लावते," म्हणाली.

लाव, म्हटलं.