गुरुवारचा तास

गुरुवार, दुपारी दोन, खोली चौदा.
वेळापत्रकात या तासाला विषय नाही,
फक्त पाच शिक्षकांची आडनावं, रेघांनी जोडलेली.
माझं शेवटी.
बावीस वर्षं नर्सिंगला शिकवतेय,
तरी खापर्डे सर म्हणतात,
"सिस्टर, कूलरमध्ये पाणी आहे का बघा जरा."
बघते. नागपूरचा मे आहे,
तत्त्वाशी पावसाळ्यात भांडेन.

मध्ये चाकाच्या खुर्चीत सुगंधाबाई नंदनवार.
कळमन्याच्या बाजारात वीस वर्षं संत्र्यांच्या पेट्या भरल्या.
आता उजवा हात मांडीवर,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

मेडिकलचा निशांत उईके मेंदूतल्या धमनीचं नाव सांगतो,
न अडखळता, जणू तिच्याच गल्लीत वाढला.
फार्मसीची झेबा म्हणते, ही गोळी कुटायची नाही,
कुटली की दिवसभराचं औषध एका दमात उतरतं.
फिजिओचा मुलगा म्हणतो, आधी ताठ बसवा,
आणि उशी शोधत राहतो.
वाचा-उपचाराची मृणाली म्हणते, पातळ पाणी बंद.
ठसका लागला तर बरं,
न लागता छातीत गेलं तर कळणारही नाही.
घट्ट करून द्या. पावडर मिळते.

"केवढ्याले?"
भिंतीजवळून, सून.

झेबा मोबाइलमध्ये बघते
आणि मोबाइल पालथा ठेवते.

तेवढ्यात आमची पल्लवी, सेकंड इयर, खाली बघून:
"रात्री पाणी पाजलं की ठसका लागतो यांना.
सहा दिवस झाले. लिहिलंय मी."
लिहिलंच होतं.
नर्सेसच्या पानावर,
जे सगळे ताप बघण्यापुरतं उलटतात.
मीसुद्धा. हे मी त्या तासाला बोलले नाही.

"आंबील चालंल का जी?" सून म्हणाली.
"ज्वारीची. घोटून, गाळून देतो."
आम्ही पाच जण एकमेकांकडे पाहिलं,
हा धडा कुणाच्या वाट्याचा होता?

पुढच्या गुरुवारी स्टीलचा डबा आला.
मृणालीनं चमचा तिरपा केला.
थेंब थांबला, विचार केला, मग पडला.
उशी आली होती.
खापर्डे सरांनी गळ्यावर दोन बोटं ठेवली,
पंधरा पोरं श्वास रोखून,
कूलर तेवढा खडखडत होता.
गिळलं.
ठसका नाही.
मग ओठ वाकडे करत, बऱ्याच वेळानं,
सुगंधाबाईंचा पहिला शब्द:
"अळणी."

सर म्हणाले, मीठ कमीच बरं.
त्यांनी सरांकडे असं पाहिलं
की सर पहिल्यांदाच माझ्याकडे वळले, मदतीला.

हजेरीच्या कागदावर, अध्यापक या रकान्यात
सहावं नाव मी लिहिलं: रंजू नंदनवार.
ऑफिसनं कागद परत पाठवलाय.
पदनाम लिहा. अर्हता लिहा.

पर्समध्ये आहे तो अजून,
घडीवर आंबिलीचा डाग.