मानशीचा खर्च

तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी, तिचे दोन टक्के:
एक कोटी अठरा लाख चाळीस हजार.
मार्च संपत आला की हा आकडा माझ्या टेबलावर येतो,
लग्नघरी उरलेल्या पाहुण्यासारखा.
त्याला कुठेतरी अंथरूण घालून द्यावे लागते.

नेहल वेर्लेकर यादी घेऊन आली.
शाळेला संगणक, फोटोसहित.
डोळ्यांचे शिबिर, फोटोसहित.
जुव्याच्या खाजनाला नवी मानस, बांधाची डागडुजी,
बावीस लाख. फोटो नाही.
खाली एक ओळ माझ्यासाठी:
'मंजूर कामासाठीच पैसा खर्च झाला असे मी प्रमाणित करतो.'
हुद्दा, तारीख, सही.

फोटो नव्हता म्हणून गेलो. तेवढ्यासाठीच.

सांतान रिबेलोला भरती-ओहोटी तोंडपाठ.
मानस म्हणजे माटीच्या लाकडाचे दार,
भरतीला आपणहून मिटते, ओहोटीला उघडते.
'हिला कोण पगार देत नाही,' तो म्हणाला.
तीन वर्षे झाली, ती पुरती मिटत नाही.
कोरगुटाच्या मुळाशी मीठ.

कशाने, मी विचारले.
त्याने हातानेच थांबा म्हटले.
वळणावरून बार्ज आली, खनिजाने काठोकाठ,
कपाळावर आमचे नाव,
मीच पसंत केलेल्या निळ्या अक्षरांत.
ती गेली. पाणी आधी मागे सरकले, चिखल उघडा पडला,
मग लाट आली
आणि बांधाचा एक ढेकूळ सुटला,
म्हाताऱ्याचा दात सुटावा तसा, आवाज न करता.
'दिसाक बारा-चवदा,' सांतान म्हणाला. बाकी काही नाही.
खिशातली कैरी कापून, मीठ लावून, मला अर्धी दिली.
मी ती खाल्ली.

मडगावच्या एका अंधाऱ्या फर्ममध्ये मी जमाखर्च शिकलो.
काणकोणकर सर खोडरबर ठेवू देत नसत.
रक्कम चुकीच्या खान्यात गेली
की अख्खे पान पुन्हा लिहायचे, उपाशीपोटी.
शेजाऱ्याची कौले आपण फोडली
आणि बदलून देताना पेढे वाटले,
तर ते कोणत्या खान्यात जाते,
हे त्यांनी कधी विचारले नव्हते. विचारायची गरज नव्हती.

पाटोच्या ऑफिसात, सगळे घरी गेल्यावर,
बावीस लाख मी दोन टक्क्यांतून काढले
आणि वाहतुकीच्या खर्चात टाकले:
'बार्जमुळे झालेले नुकसान, जुवे.'

शेट फोनवर म्हणाले,
'भोबे, हे तर कबूल केल्यासारखे झाले.'
हो, म्हटले.
लाइन बराच वेळ चालू होती.

नेहल रुसली आहे.
तिला एकतीस तारखेच्या आत बावीस लाखांचे दुसरे पुण्य शोधायचे आहे.
आणि नफा बावीस लाखांनी उतरला,
म्हणजे पुढच्या सरासरीत सात लाख तेहतीस हजार,
म्हणजे पुढच्या वर्षीचे दोन टक्के
चौदा हजार सहाशे सदुसष्ट रुपयांनी कमी.
कुणाचा तरी चष्मा, कुणाचा तरी कीबोर्ड.
हेही कडेला पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

बार्ज अजून जातात, त्याच वेगाने.
वेग कमी करण्याचे पत्र मसुद्यात आहे.
पहिले कारण इंधनाची बचत.
खरे कारण चौथ्या परिच्छेदात.