दाखवू नुको

आधी चारशे गेले. मग नऊशे.
मग दोन हजार, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी,
बाबांच्या डिझेलच्या खात्यातून.
बर्फ कारखान्यात लाद्यांचा हिशेब लिहिते मी,
आकडा चुकला की मला पोटात कळतं.

मितेश अकरावीत.
जयगडच्या धक्क्यावरून उडी घेण्यात
त्याचा हात धरणारा कोणी नाही.
आठ दिवस तो मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतोय
आणि तांदूळ रात्रभर थरथरतात.

तिचं नाव रिया होतं म्हणे.
नव्हतं. ती मुलगीही नव्हती बहुधा.
एकवीस दिवस गोड बोलणं,
सव्वा मिनिटाचा व्हिडिओ कॉल,
आणि मग त्याच्याच फोनमधल्या नावांची यादी त्यालाच:
आत्या, वर्गशिक्षिका, तांडेलकाका, मी.
संध्याकाळपर्यंत पैसे,
नाहीतर सगळ्यांना.

हे सगळं नंतर कळलं.
त्या रात्री एवढंच दिसलं, की पाणी सुकतीला लागलंय,
धक्क्याच्या टोकाला तो बसलाय,
आणि बाजूला चपला, नीट जोडून ठेवलेल्या.
आमच्या घरात चपला कोणी जोडून ठेवत नाही.

मी हाक मारणार, तर आई पुढे गेलेली.
त्याला खेटून बसली. काही विचारलं नाही.
बऱ्याच वेळाने त्यानेच फोन काढला,
पडदा तिच्याकडे केला, मान दुसरीकडे.
आईने त्यावर तळहात ठेवला,
तारलीची खवलं चिकटलेला.
"दाखवू नुको," म्हणाली.
"काय झाला ता नुसता सांग."

सांगायला त्याला पहाट झाली.

रत्नागिरीला सायबर शाखेतल्या बाईंनी विचारलं,
तक्रार कोणाची?
मितेश खुर्चीच्या हाताकडे बघत राहिला.
"माजी," आई म्हणाली.
"पैशे माज्या घोवाचे. पोर माजा."
परतीच्या एसटीत फोन तिच्या पिशवीत वाजत होता,
सुक्या जवळ्याच्या पुडीखाली.
तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली, पायाशी,
आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

अजून मेसेज येतात. कमी झालेत.
यादीतल्या काहींना ते पोचलंही असेल.
परवा तांडेलकाका दारात उभे राहून म्हणाले,
"उद्या चारला ये रे. दोर धरायला माणूस नाय."
एवढंच. मग चहाही न घेता गेले.

त्यांनी बघितलं होतं की नव्हतं,
आम्हाला अजून ठाऊक नाही.
मितेश पावणेचारला गेला.