शेऱ्याचा रकाना

तुमच्या नकाशात आमचा सुम हिरवा आहे, बाई.
एकेचाळीस बाळं, गोवराचे एकेचाळीस डोस.
अभिनंदनाचं पत्र पोचलं,
दवाखान्याच्या भिंतीवर डकवलंय, चुलीच्या धुरापासून लांब.

आता शेऱ्याच्या रकान्यात लिहिते,
जिथे बारा वर्षं मी नुसती आडवी रेघ ओढत आले.

त्यातलं एक बाळ दोनदा मोजलंय.
खोंगोरझुल. शरदात तिच्या लोकांनी गेर उतरवला,
डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गेले.
तिथल्या नर्सनं डोस दिला, आमच्या नावे लिहिला,
फोनवर मला कळवला, मीही लिहिला.
तिनं बापाचं नाव आधी घातलं, मी नंतर.
यंत्राच्या लेखी जुळ्या झाल्या.

आणि एक बाळ मोजलेलंच नाही.

त्याचं नाव नेरगुई.
नेरगुई म्हणजे निनावी, हे तुम्हाला मी काय सांगायचं.
आधीची दोन दगावली, तेव्हा आईनं ठरवलं
येणाऱ्याला चकवायचं: इथे कुणी नाही, जा पुढे.
गालावर तीट लावावी
तसं लावलेलं नाव,
दृष्ट पडलीच तर त्यावरून घसरावी.

राजधानीतल्या कुणा हुशार पोरानं यंत्राला शिकवलं,
नावाच्या जागी 'निनावी' दिसलं
की ओळ कोरी समजायची, गाळायची.
त्याला तरी कशी नावं ठेवू?
त्याच्या इमारतीत मुलांची नावं रत्नांवरून ठेवतात.

एक वाढली, एक गळला.
बेरीज बरोबर आली.
बरोबर आलेली बेरीज
कोण कशाला पुन्हा मोजतं?

तुमच्याकडून छापून येणाऱ्या यादीत तो नव्हता,
म्हणून मीही गेले नाही. हे माझं. तेही लिहून ठेवा.
जुनी वही जाळायला काढली होती,
पानं फाडताना माझ्याच अक्षरात तो सापडला:
मुलगा, तीन किलो शंभर, पहाटे, बर्फ.

दाशन्यामच्या मोटारसायकलवर गेले, साठ किलोमीटर.
बाहेर उणे एकतीस.
(लस थंड कशी ठेवावी याची तुमची चार पानं मिळाली आहेत.
मी लसीत घालायच्या पाण्याची कुपी
डेलच्या आत पोटाशी धरली होती, गोठू नये म्हणून.)

तो दाराशी मेंढीच्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होता.
सुई टोचली तेव्हा रडला नाही,
बाटली काढून घेतली तेव्हा रडला.

आईला म्हटलं, कागदापुरतं दुसरं नाव द्या.
ती म्हणाली, कागद काय, वाऱ्यावर उडतो,
कुठे जाऊन कुणाला वाचून दाखवेल.
मी हट्ट धरला नाही.

तेव्हा नाव राहू द्या, यंत्र बदला.
जन्माच्या दिवशीच प्रत्येकाला एक आकडा द्या,
गेर उठला तर आकडाही उठेल,
डोंगर ओलांडला तरी एकच राहील.
आणि गाळलेल्या ओळी फेकू नका,
ज्याच्या त्याच्या सुमाला परत पाठवा.
आम्ही ओळखतो त्यांना.
दक्षिणेकडच्या सुमांतही शोधा:
एनेबिश असेल, म्हणजे हा नव्हे,
खुनबिश असेल, म्हणजे माणूसच नव्हे.
त्यांचे दंड बघून घ्या एकदा.

या महिन्याला आमचा सुम हिरवा रंगवू नका.
चाळीस वेळेवर. एक, पाच महिने उशिरा.
त्यासाठी रंग नसेल तर पांढरा ठेवा,
इथे तसाही पांढराच आहे.

निघायला अंधार पडला.
तिनं चुलीच्या तळाची काजळी बोटावर घेतली,
मला वाटलं, पोराला लावेल.
माझ्या कपाळाला लावली.

सहीशेजारी डाग दिसेल,
तो शाईचा नाही.