उठाव

समितीने कागद दिला, त्यावर मोजून लिहिलं होतं:
घोडे अकरा, हत्ती एक, शत्रू भरपूर.
लढाई नेमकी कोणत्या सालची
यावर शालिक आप्पा आणि मुख्याध्यापक
चहा गार होईस्तोवर भांडले.
मी फक्त दगड कुठला ते विचारलं.

काळा दगड. आठ फूट बाय चार.
अमळनेरात बोरीच्या काठी पत्र्याची शेड,
वैशाखात छिन्नी हाताला चटके द्यायची,
धुडकू ती बादलीत बुडवून पुढे करायचा.

या कामाचा सगळा हिशेब बोटांवर.
जिंकणाऱ्याला चार बोटं उठाव:
नाक, ढाल, घोड्याची छाती दगडाबाहेर,
पोरांनी लोंबकळावं इतकी.
मागच्या फौजेला दोन.
आणि हरले त्यांना नखाएवढा.
तेवढ्यात त्यांनी पडायचं,
तेवढ्यातच मरायचं.

सरदार चित्रावरून उतरवला.
हरलेल्यांचं चित्र कोणी काढून ठेवत नाही.
मग टापेखालच्या पहिल्यासाठी
धुडकूलाच पोत्यावर आडवा केला.
कळण्याची भाकर खाऊन आलेला, लगेच डोळा लागला.
तसाच कोरला. सोपं होतं.
जागा झाला, बराच वेळ दगडाकडे बघत राहिला.
म्हणाला, "मी पडेल शे, ते ठीक शे दादा,
पन मना डोया उघडा ठेव."

मिटलेली पापणी उघडायची
तर आणखी आत जावं लागतं.
नखाच्या आत किती जाणार?
दोन दिवस गेले त्या एका डोळ्याला.
आप्पांनी विचारलं, हे दोन दिवस कशाचे?
मी म्हटलं, हत्तीच्या सोंडेचे.

उद्घाटन रात्री झालं, समोर दोन हॅलोजन.
उजेड सरळ तोंडावर:
सरदार झळकला, घोडे झळकले,
तळाचं सगळं सपाट, पुसल्या पाटीसारखं.
टाळ्या. पेढे. शाल मला आखूड पडली.

मग हॅलोजनवाला वायर गुंडाळून गेला.

आम्ही दोघं समोरच्या टपरीच्या बाकावर.
धुळ्याची शेवटची एस.टी. नाक्यावर वळली,
दिवे बाजूने, आडवे, दगडावरून सरकत गेले
आणि घोड्याच्या पोटाखाली
सावलीने भरून
एक डोळा उघडला.
बस गेली. मिटला.

मी उठलो, पहाटे पुण्याची गाडी होती.
धुडकूने बाही धरली.
"आखो एक येऊ दे."
म्हटलं, ती शेवटची होती रे.
"ट्रक येतीन."